ऐकणारा कोण?

माजिवड्याचा नाका ज्यांनी चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी पाहिला असेल, त्यांना आज तो ओळखता येणे कठीण आहे. मुंबईहून येणारा हमरस्ता येथे फुटतो. एक फाटा घोडबंदरकडे वळतो, एक बाळकूम-कशेळीवरून भिवंडीला जातो आणि एक साकेतवरून नाशिकच्या वाटेला लागतो. एके काळी ह्या भागात आगरी-कोळ्यांची गावे होती, भातखाचरे होती, खाडीच्या अंगाला मिठागरे होती. मग कारखाने आले, आणि कारखान्यांच्या मागून वीस-वीस, तीस-तीस मजल्यांच्या इमारती आल्या. रात्री अकराच्या सुमारास पुलावरून त्या इमारतींकडे पाहावे. दिवाणखान्यांतले दिवे मालवलेले असतात, पण कितीतरी खिडक्यांतून मोबाइलचा तो फिकट निळा उजेड दिसत राहतो. माणसे जागी आहेत आणि कुणाशी तरी बोलत आहेत.

ह्यांपैकीच एका खिडकीतला तरुण आमच्या परिचयाचा आहे. त्याच्या कचेरीने सर्व नोकरवर्गाला मोबाइलवर एक यांत्रिक सोबती दिला आहे. सकाळी नऊ वाजता हा सोबती विचारतो, आज कोणती तीन कामे हातावेगळी करणार? दुपारी आठवण करून देतो, पाणी प्यालात का, पाय मोकळे केलेत का? आणि रात्री विचारतो, दिवस कसा गेला, मनावर काही ओझे आहे का? पहिले काही दिवस आमच्या मित्राने थट्टेने उत्तरे दिली. मग एका रात्री, वडिलांच्या आजारपणाविषयी जे त्याने घरात बायकोलाही सांगितले नव्हते, ते त्या यंत्राला लिहिले. यंत्राने सहानुभूतीचे चार शब्द लिहिले, श्वासाचा एक व्यायाम सुचविला, आणि पुष्कळ दिवसांनी त्याला स्वस्थ झोप लागली. सकाळी नऊ वाजता त्याच चौकटीतून प्रश्न आला, आज कोणती तीन कामे? तेव्हा तो दचकला. संध्याकाळी आम्हांला भेटून म्हणाला, “काका, रात्री ऐकणारा आणि सकाळी काम मागणारा एकच असेल, तर काल मी बोललो कुणाशी?”

त्या संध्याकाळी आम्हांला उत्तर सुचले नाही. परंतु हा प्रश्न वाटतो तितका नवा नाही, ही गोष्ट मागाहून ध्यानात आली. न दिसणाऱ्या माणसाजवळ मन मोकळे करण्याची सोय आपल्या समाजात यंत्राच्या आधीपासून आहे, आणि काम करून घेणाऱ्यानेच काळजीही वाहावी ही कल्पनाही जुनीच आहे. ह्या दोन जुन्या गोष्टी आता एका मोबाइलात एकत्र आल्या आहेत. त्यांचा इतिहास थोडा उलगडून पाहावा, एवढ्याच हेतूने आजचा विषय घेतला आहे.

आरंभ घरापासून करू. ठाणेकरांना एक थट्टा पिढ्यान्‌पिढ्या ऐकावी लागली आहे. मुंबईत कुणी चमत्कारिक वागला की म्हणायचे, “ह्याला ठाण्याला पाठवा.” पुण्याकडे त्याच अर्थाने येरवड्याचे नाव घेतात. परगावी गेलेल्या ठाणेकराने आपल्या गावाचे नाव सांगावे आणि समोरच्याने मिशीत हसावे, हा अनुभव येथे बसलेल्यांपैकी अनेकांनी घेतला असेल. ह्या थट्टेचे मूळ १९०१ साली येथे उभ्या राहिलेल्या मनोरुग्णालयात आहे. कुलाब्याच्या जुन्या वेड्यांच्या इस्पितळाची जागा ह्या नव्या इस्पितळाने घेतली. नरोत्तमदास माधवदास यांचे नाव त्याला मिळाले. ठाणे, येरवडा, रत्नागिरी आणि नागपूर ह्या चार ठिकाणी महाराष्ट्राची अशी सरकारी रुग्णालये आहेत. त्यांत असंख्य माणसांवर उपचार झाले, कित्येक बरी होऊन घरी गेली. पण थट्टेने जे करायचे ते केलेच. १९१२ सालच्या कायद्याच्या नावातच ‘वेडेपणा’ हा शब्द होता, आणि तो कायदा १९८७ सालचा नवा कायदा अमलात येईपर्यंत चालू राहिला. जेथे मनाच्या डॉक्टरचे दार आणि वेड्यांच्या इस्पितळाचे दार लोकांच्या लेखी एकच, तेथे रात्री झोप लागत नाही एवढे सांगायलादेखील माणूस कचरणारच. अशा माणसाला ऐकणारा तर हवा असतो, पण तो ओळखीचा नको असतो. शेजारचा नको, नात्यातला नको, शक्य तर डोळ्यांनी दिसूही नये.

मराठीत असा न दिसणारा श्रोता ज्या एका माणसाने उभा केला, त्याची आठवण ह्या संदर्भात कुणी काढीत नाही, ह्याचे आम्हांला आश्चर्य वाटते. रघुनाथ धोंडो कर्वे हे महर्षी कर्व्यांचे चिरंजीव, गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. मतांपायी विल्सन कॉलेजातली नोकरी त्यांना सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी ‘समाजस्वास्थ्य’ हे मासिक सुरू केले आणि १९५३ च्या ऑक्टोबरात मृत्यू येईपर्यंत, म्हणजे सव्वीस वर्षे, पदरमोड करून चालविले. त्यांच्या संसाराचा भार मालतीबाईंच्या मिळकतीवर कसा पडला, ही कथा वेगळी सांगण्याजोगी आहे. ह्या मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे दिली जात. ज्या गोष्टींचा उच्चार घरात, शाळेत, डॉक्टरसमोरही होत नसे, त्या लोक कागदावर लिहून पाठवीत. वरवर पाहता हे शरीराविषयीचे प्रश्न होते. पण ज्याला स्वतःच्या देहाची आणि वासनेची वर्षानुवर्षे लाज आणि भीती वाटत आली आहे, त्याचा प्रश्न मनाचाही असतो, हे सांगायला मानसशास्त्राची पदवी लागत नाही. कर्व्यांची उत्तरे गोड नसत. पण तुमच्यासारखे दुसरेही आहेत आणि तुम्हांला काही झालेले नाही, एवढे छापील अक्षरांत वाचल्यावर किती जणांच्या छातीवरचा दगड उतरला असेल, ह्याची कल्पना आपण करू शकतो.

ह्या प्रश्नोत्तरांवर सरकारने अश्लीलतेचा खटला भरला. १९३४ सालच्या त्या खटल्यात कर्व्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले होते. त्यांच्या म्हणण्याचा मथितार्थ असा की, मासिकाचा विषयच कामविज्ञान आहे. वाचकाने त्याविषयी प्रश्न विचारला तर त्याला उत्तर का देऊ नये? विषयाला विकृत म्हणून मोकळे होण्यापेक्षा अज्ञान दूर करावे. खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पुढच्या काळात हा निकाल कुणाला योग्य वाटो वा अयोग्य, आमच्या आजच्या विषयाच्या दृष्टीने त्यातली मांडणी लक्षात घेण्याजोगी आहे. प्रश्न विचारणारा आडोशाला होता. उत्तर देणारा मात्र आपल्या नावानिशी, पत्त्यानिशी उघड्यावर उभा होता. चुकीचे किंवा अप्रिय उत्तर दिले तर पोलीस कुणाच्या दारी जाणार, दंड कोण भरणार, ह्याविषयी कुणाच्याही मनात शंका नव्हती. बोलणाऱ्याला झाकायचे आणि ऐकणाऱ्याने जबाबदार राहायचे, हा त्या व्यवहाराचा अलिखित करार होता.

योगायोग असा की, कर्वे गेले त्याच वर्षी, १९५३ च्या नोव्हेंबरात, लंडनमध्ये चॅड व्हरा नावाच्या पाद्र्याने आत्महत्येचा विचार करणाऱ्यांसाठी एक दूरध्वनी सुरू केला. ‘समॅरिटन्स’ ही संघटना त्यातून वाढली. व्हराची समजूत अशी होती की, सल्ला आपण देऊ. येणाऱ्यांना बसवावे, चहा द्यावा एवढ्यापुरते काही स्वयंसेवक असले म्हणजे झाले. पण थोड्याच दिवसांत त्याला वेगळे दिसले. बाहेर बाकावर चहा पिताना त्या स्वयंसेवकांशी बोलून कित्येक जण हलके होत आणि मग आत येण्याची गरजच त्यांना भासत नसे. तीन-चार महिन्यांतच त्याने कामाचा मुख्य भार ह्या साध्या माणसांवर सोपविला. ऐकण्याला फार विद्वत्ता लागत नाही, हा शोध त्या बाकावर लागला. आमच्या मते विसाव्या शतकातल्या मोठ्या शोधांत तो गणला जावा, पण त्याला कोणतेही पारितोषिक मिळाल्याचे ऐकिवात नाही.

ठाण्यानेही ह्या कामी आपला वाटा उचलला आहे. १९९० साली डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी येथे ‘इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ’ ही संस्था काढली. ज्या गावाचे नाव वेडाशी जोडले गेले होते, त्याच गावात, इस्पितळाच्या भिंतीबाहेर, मनाच्या आरोग्याचे काम सुरू झाले. प्रशिक्षित स्वयंसेवकांनी दूरध्वनीवर लोकांचे ऐकून घ्यावे म्हणून ‘मैत्र’ ही सेवा त्या संस्थेने चालविली. अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ उपचारपद्धती मराठी वाचकाच्या ओळखीची झाली, त्यामागे एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार करून ती आत्मसात करणाऱ्या किशोर फडके यांचे श्रम आहेत. पुन्हा पत्रेच पाहा! मुंबईचा एक अभ्यासक आणि न्यूयॉर्कचा एक मानसोपचारतज्ज्ञ, मधून टपालखाते. पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेची ‘आयकॉल’ आली २०१२ साली, आणि १० ऑक्टोबर २०२२ रोजी सरकारची ‘टेलिमानस’ सेवा. १४४१६ हा तिचा क्रमांक मराठीतूनही ऐकून घेतो. श्रोत्यांनी तो लिहून घ्यावा. आपल्याला नाही तर शेजाऱ्याला लागेल.

आता यंत्राकडे वळू. त्याचीही कुळकथा वाटते तेवढी अलीकडची नाही.

अमेरिकेतील एमआयटी ह्या विद्यापीठात जोसेफ वायझेनबाउम नावाचे एक प्राध्यापक होते. जन्म बर्लिनचा, १९२३ सालचा. ज्यू कुटुंबातले, म्हणून १९३६ साली देश सोडून अमेरिकेला आलेले. १९६४ ते १९६६ ह्या काळात त्यांनी संगणकासाठी एक संभाषणाचा कार्यक्रम लिहिला आणि त्याला नाव दिले ‘एलायझा’. शॉच्या ‘पिग्मॅलियन’मधली फुलविकी मुलगी ती एलायझा. पु. ल. देशपांड्यांच्या ‘ती फुलराणी’मुळे आपल्याकडे तिला मंजुळा म्हणतात. शिकवाल तसे बोलणारी म्हणून हे नाव. तिची करामत अगदी साधी होती. समोरच्याच्या वाक्यातला एखादा ठळक शब्द उचलायचा, ‘मी’चा ‘तुम्ही’ करायचा आणि वाक्य प्रश्न करून परत पाठवायचे. आपण लिहावे, “माझे वडिलांशी पटत नाही.” तिने म्हणावे, “तुमच्या घरच्यांविषयी आणखी सांगा.” आपण लिहावे, “मी फार थकलो आहे.” तिने विचारावे, “तुम्ही थकला आहात असे किती दिवसांपासून वाटते?” ज्या उपचारपद्धतीत डॉक्टर स्वतः फारसे बोलत नाही, रोग्यालाच बोलते करतो, तिची ही नक्कल होती. संगणकाला जगाचे काही ज्ञान नसले तरी हा वेष त्याला शोभून दिसेल, एवढाच वायझेनबाउम यांचा हिशेब होता. एलायझाला दुःख म्हणजे काय हे ठाऊक नव्हते, आणि वडील म्हणजे काय हेही नव्हते.

पुढे जे घडले त्याने तिच्या जनकालाच धक्का बसला. त्यांची चिटणीस बाई, जिने हा कार्यक्रम महिनोन्‌महिने तयार होताना पाहिला होता, ती एक दिवस त्याच्याशी बोलायला बसली आणि दोन-चार वाक्ये होताच तिने साहेबांना खोलीबाहेर जायला सांगितले. खासगी बोलायचे होते! काही मानसोपचारतज्ज्ञांना तर वाटू लागले की, आता एका यंत्रावर तासाला शेकडो रोगी तपासता येतील. वायझेनबाउम ह्या उत्साहाने अस्वस्थ झाले. १९७६ साली त्यांनी एक ग्रंथ लिहून आपले मत मांडले की, काही कामे यंत्राला जमली तरी ती त्याच्याकडे सोपवू नयेत, आणि दुसऱ्याचे दुःख समजून घेण्याची बतावणी हे त्यांतले एक. २००८ साली त्यांचे निधन होईपर्यंत हे मत बदलले नाही.

आम्हांला मात्र त्या बाईंचे वागणे मुळीच मूर्खपणाचे वाटत नाही. ती यंत्राला फसली असे सांगण्याची प्रथा पडली आहे, पण यंत्र आतून कसे आहे हे तिच्याइतके जवळून फार थोड्यांनी पाहिले होते. माणसाला पुष्कळदा उत्तर नको असते. आपले म्हणणे शब्दांत मांडून एकदा स्वतःच्या डोळ्यांसमोर ठेवण्यासाठी त्याला निमित्त हवे असते. समर्थांनी मनालाच समोर बसवून दोनशे पाच श्लोक सांगितले. कित्येकांच्या आजीने तुळशीपुढे उभे राहून दिवसभराची गाऱ्हाणी मांडली असतील. तुळशीला ती समजत होती का, हा प्रश्न आजीला पडला नाही. एलायझाने हेच काम केले. धोका आहे तो पुढच्या पायरीवर. तुळस कुणाला काही सांगत नाही आणि कुणाच्या वतीने बोलत नाही. यंत्र कुणाच्या तरी मालकीचे असते.

येथे दुसरा धागा हाती घ्यावा लागतो. ठाण्याचे आजचे रूप ज्या कारखान्यांनी घडविले त्यांची वस्ती वागळे इस्टेटीपासून घोडबंदर रस्त्यापर्यंत पसरली होती. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली, तिचा कारभारही ह्या वागळे इस्टेटीतूनच सुरू झाला. भोंगा वाजला की कामगाराने आत जायचे आणि हजेरीचे कार्ड घड्याळात घालून ठसा उमटवायचा. ह्या व्यवस्थेत मालकाने कामगाराच्या सुखदुःखाकडेही पाहावे म्हणून १९४८ च्या कारखाने कायद्याच्या ४९व्या कलमाने, पाचशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्यात कल्याण अधिकारी नेमणे सक्तीचे केले. त्याच्या मागोमाग, १९५३ साली, मुंबई राज्याने कामगार कल्याण निधीचा कायदा केला, आणि त्यातून जी केंद्रे निघाली त्यांची वाचनालये, शिवणवर्ग आणि नाट्यस्पर्धा जुन्या मंडळींना आठवत असतील.

कल्याण अधिकारी ही मोठी अवघड जागा होती. पगार मालकाचा, काम कामगाराचे. एखाद्याचा मुलगा आजारी आहे, एखादा दारूच्या आहारी गेला आहे, एखाद्याचे सावकाराकडे देणे झाले आहे, हे त्याला कळावे अशी अपेक्षा. आणि ह्याच गोष्टी व्यवस्थापकाला कळल्या तर कामगाराची नोकरी धोक्यात. कामगार त्याच्याकडे संशयाने पाहत, हे साहजिक होते. म्हणून ह्या अधिकाऱ्यांसाठी जे नमुनेदाखल नियम करण्यात आले, त्यांत एक फार शहाणपणाचे बंधन घातले गेले: कामगाराविरुद्धच्या शिस्तभंगाच्या प्रकरणात कल्याण अधिकाऱ्याने काम पाहू नये, आणि मालकाच्या बाजूने कामगाराविरुद्ध न्यायासनासमोर उभे राहू नये. नियम सगळीकडे पाळला गेला असे म्हणण्याचे धाडस आम्ही करणार नाही. परंतु ज्यांनी तो लिहिला त्यांना एक गोष्ट नीट उमगली होती. ज्याच्या हाती हजेरीपट आहे त्याच्याजवळ माणूस रडत नाही, आणि ज्याच्याजवळ तो रडला आहे त्याच्या हाती हजेरीपट देऊ नये.

आमच्या तरुण मित्राला जो दचका बसला तो ह्या नियमाच्या अभावाचा होता. सकाळचा मुकादम आणि रात्रीचा मित्र त्याला एकाच चौकटीत दिसले.

असे यांत्रिक सोबती कोणी आणि कसे घडविले, हे थोडक्यात सांगितले पाहिजे, कारण सगळे एका माळेचे मणी नाहीत. आपल्या देशातले सर्वांत नावाजलेले उदाहरण बंगळुरूचे ‘वायसा’. जो अगरवाल आणि रामकांत वेम्पटी यांनी २०१५ च्या सुमारास काढलेल्या कंपनीचा पहिला प्रयत्न वेगळाच होता. माणूस मोबाइल कसा वापरतो ह्यावरून त्याच्या मनाची उदासी ओळखायची. उदासी ओळखता येऊ लागली. पण ओळखून सांगितले म्हणून माणसे डॉक्टरकडे जाईनात. ठाण्याच्या थट्टेची कहाणी ऐकलेल्यांना ह्याचे नवल वाटणार नाही. तेव्हा त्यांनी एक छोटा पेंग्विन पक्षी पडद्यावर बसविला आणि त्याला बोलायला लावले. त्याची बहुतेक वाक्ये माणसांनी, जाणकारांकडून तपासून, आधीच लिहून ठेवलेली. यंत्राचे काम कोणत्या क्षणी कोणते वाक्य द्यावे एवढे निवडण्याचे. २०२२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने ह्या साधनाला ‘ब्रेकथ्रू’ म्हणून तपासणीत अग्रक्रम दिला. ह्याचा अर्थ मान्यता असा नाही, हे जाहिराती वाचताना विसरू नये. अमेरिकेतल्या ‘वोबॉट’ची घडण अशीच होती. २०१७ साली स्टॅनफर्डच्या मंडळींनी सत्तर तरुणांवर दोन आठवडे त्याची पाहणी केली आणि उदासीची लक्षणे कमी झालेली आढळली. हाच वोबॉट कंपनीने ३० जून २०२५ रोजी बंद केला. ज्यांना त्याची सवय झाली होती त्यांचा मित्र एका तारखेला दुकानासारखा मिटला.

२०२२ च्या अखेरीस ‘चॅटजीपीटी’ आले आणि दुसऱ्या जातीची यंत्रे लोकांच्या हाती गेली. ह्यांची वाक्ये कुणी लिहून ठेवलेली नसतात. अफाट मजकूर वाचून, एका शब्दामागून कोणता शब्द यावा हे त्यांनी आत्मसात केलेले असते आणि त्या बळावर ती हव्या त्या विषयावर ओघवते बोलतात. ती एलायझापेक्षा कितीतरी पटींनी चतुर आहेत, आणि उपयोगीही पडू शकतात. डार्टमथच्या संशोधकांनी अशाच जातीच्या, पण खास ह्या कामासाठी घडविलेल्या आणि माणसांच्या देखरेखीखाली चालणाऱ्या यंत्राची दोनशे दहा जणांवर चाचणी घेतली. मार्च २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या तिच्या निष्कर्षांत नैराश्याची लक्षणे सरासरीने निम्म्याने उतरलेली दिसली. तेव्हा हे सारे थोतांड आहे असे म्हणून हात झटकणे योग्य नव्हे. पण दुसरी बाजूही त्याच काळातली आहे. खाण्यापिण्याच्या मानसिक विकारांनी पीडित लोकांसाठी अमेरिकेतील एका संस्थेने ठेवलेले ‘टेसा’ हे यंत्र २०२३ साली त्यांनाच वजन उतरविण्याचे सल्ले देऊ लागले आणि घाईघाईने बंद करावे लागले. आणि २०२४ साली फ्लोरिडात एका चौदा वर्षांच्या मुलाने जीव दिला. तो महिनोन्‌महिने अशाच एका बोलक्या यंत्राच्या नादात गुंतला होता. त्याच्या आईने यंत्राच्या कंपनीवर दावा लावला.

ह्या दाव्यात जो प्रश्न निघाला तो वाचताना आम्हांला सारखी १९३४ सालची आठवण होत होती. कंपनीचे म्हणणे असे की, यंत्राची वाक्ये म्हणजे भाषण, आणि भाषणस्वातंत्र्याला घटनेचे संरक्षण आहे. न्यायाधीशांनी मे २०२५ मध्ये, निदान त्या टप्प्यावर, ही वाक्ये ‘भाषण’ आहेत असे मानण्यास नकार दिला. पाहा, कर्व्यांच्या खटल्यात हा प्रश्नच उद्भवला नव्हता. बोलले कोण ते सर्वांना दिसत होते. वाद होता बोलले काय ह्याचा. येथे एक मूल आपले अंतःकरण उघडे करीत होते आणि पलीकडे कोण होते हेच न्यायालयाला ठरवावे लागत होते. जुना करार उलटा झाला आहे. बोलणाऱ्याचे प्रत्येक वाक्य, वेळेसकट, कुठेतरी नोंदून ठेवले जाते, आणि ऐकणारा मात्र आडोशाला असतो.

मराठीत असा सोबती करावयाचा तर आणखी एक अडचण आहे, आणि ती भाषेची आहे. इंग्रजी मजकुरावर पोसलेल्या यंत्राला आपली दुःखाची भाषा कळणे कठीण. आपला माणूस ‘मला नैराश्य आले आहे’ असे सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, डोके जड झाले आहे. काही सुचत नाही. पोटात गोळा येतो. कशात मन लागत नाही. जीव वर-खाली होतो. ह्यांतले निम्मे ऐकून यंत्र त्याला पोटाच्या डॉक्टरकडे पाठवील! आणि ‘कंटाळा’ ह्या शब्दाचे काय करावे? कामाचा कंटाळा आला म्हणजे चहा प्यावा. जिवाचा कंटाळा आला म्हणजे घरच्यांनी रात्रभर जागावे. एका शब्दाच्या ह्या दोन टोकांमधले अंतर माजिवड्याच्या आगरी आजीला आवाजावरून कळते. यंत्रापाशी आवाज नसतो, अक्षरे असतात. शिवाय यंत्राने आम्हांला ‘तू’ म्हणावे की ‘तुम्ही’? पंचविशीतल्या मुलाला ‘तुम्ही’ म्हटले तर ते बँकेच्या पत्रासारखे वाटते, आणि साठीच्या गृहस्थाला ‘तू’ म्हटले तर तो मोबाइल ठेवून देईल. इंग्रजीत काम करणाऱ्यांना हा पेच पडत नाही. आमच्या मते मराठी सोबत्याची पहिली कसोटी येथेच लागेल, आणि ती उत्तीर्ण करायला संगणकवाल्यांच्या शेजारी ‘मैत्र’सारख्या दूरध्वनीवर वर्षानुवर्षे बसलेली माणसे बसवावी लागतील. समोरचा ‘काही नाही, सहज फोन केला’ म्हणाला की पुढे किती वेळ थांबायचे, हे त्यांच्याइतके कुणाला ठाऊक?

थांबण्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली. व्हराच्या बाकावर बसलेला माणूस चहा संपला की उठून जात असे. ‘मैत्र’वरचा स्वयंसेवक बोलता बोलता विचारतो, घरात कोण आहे, कुणाशी बोलता येईल? चांगला ऐकणारा माणसाला परत माणसांत पाठवितो आणि स्वतः मागे सरतो. ज्या यंत्राची किंमत माणूस त्याच्याशी किती तास बोलतो ह्यावर ठरते, त्याला मागे सरण्याची शिकवण कोण देणार, हा प्रश्न विचारणे भाग आहे. तो प्रश्न यंत्राला विचारून उपयोग नाही. यंत्र ज्याच्या मालकीचे आहे त्याला विचारला पाहिजे.

आमच्या मित्राने तेच केले. आपण रात्री जे लिहितो ते कचेरीत कोण वाचते, किती दिवस ठेवले जाते, आणि बढतीच्या वेळी ते कुणाच्या टेबलावर येते का, असे तीन प्रश्न त्याने कचेरीला नम्रपणे लिहून विचारले. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला दिलेल्या गुप्ततेच्या हक्काचा आणि व्यक्तिगत माहितीच्या रक्षणासाठी २०२३ साली झालेल्या कायद्याचाही उल्लेख केला. मसुदा आम्हीच तपासून दिला होता. तीन आठवड्यांनी उत्तर आले. ‘आपला अभिप्राय आमच्यासाठी मोलाचा आहे’, एवढे एकच वाक्य होते. खाली सही नव्हती.

मधल्या काळात त्याने वडिलांच्या आजाराची गोष्ट बायकोला सांगितली. तिला ती महिन्यापूर्वीच कळली होती. रुग्णालयाची पावती त्याच्या सदऱ्याच्या खिशात धुवायला आली होती, आणि तो स्वतः होऊन केव्हा बोलतो ह्याची ती वाट पाहत होती.